पाठीशी वैर धरू नकोस
जुन्या पाठदुखीसाठी ध्यानाचे कानमंत्र: एका निवृत्त परिचारिकेने भाचीला सांगितलेले

पोरी,

तुझी आई सांगत होती, कंबरेचं दुखणं सहा महिने झाले तरी हटत नाही. बाम झाले, पट्टा झाला, एमआरआय झाला, गोळ्या चालूच आहेत. बँकेत खुर्चीतून उठायचं तर आधी टेबल धरावं लागतं आणि घरी लेकाला उचलून घ्यायची धास्ती वाटते. परवा डॉक्टर ‘ध्यान करून बघा’ म्हणाले आणि ते तुझ्या मनाला लागलं. म्हणजे माझं दुखणं मनाचे खेळ आहेत की काय, असं तुला वाटलं. तसं मुळीच नाही. तुझं दुखणं शंभर टक्के खरं आहे, आणि डॉक्टरांनी सुचवलं तेही योग्यच आहे.

माझी उभी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली. पेशंटची कूस बदलताना, स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना माझीही कंबर धरली ती कायमची. त्यामुळे जे सांगते ते वॉर्डात पाहिलेलं आहे आणि अंगावर काढलेलंही आहे. एवढं गाठीला बांध: ध्यानाला बसायचं ते दुखणं पळवून लावायला नव्हे. दुखण्यावर आपण भीतीचं, चिडचिडीचं आणि अंग आवळून धरण्याचं जे ओझं चढवतो, ते उतरवायला. ते उतरलं की माणूस पुन्हा मोकळेपणी हलायला लागतो, आणि जुन्या पाठदुखीला हालचालीसारखं दुसरं औषध नाही.

आधी डॉक्टर, मग डोळे मिटायचे

तू डॉक्टरांना दाखवलंस हे बरंच केलंस. तरी काही खुणा तोंडपाठ असू देत. लघवी अडणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, दोन मांड्यांच्या मधली बैठकीची जागा बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, चालताना पाऊल लोंबणं: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच घटकेला मोठं हॉस्पिटल गाठायचं. ताप येणं, कारण नसताना वजन उतरणं, पडल्या-आपटल्यानंतर दुखणं सुरू होणं, पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं, विश्रांती घेऊनही रात्री वाढतच जाणारं दुखणं, हेही डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. ध्यान हे या तपासण्या झाल्यानंतरचं काम आहे.

गोळ्या आपल्या मनाने बंद करू नकोस. मज्जातंतूंच्या दुखण्यावर देतात त्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर त्रास होतो, त्या हळूहळूच उतरवाव्या लागतात. उलट, दुकानातून पेनकिलर आणून महिनोन्‌महिने खाणंही नको. पोट बिघडतं आणि किडन्यांवर ताण येतो. कमी करायच्या असतील तर डॉक्टरांशी बोलून कर.

एमआरआयचा कागद कपाटात ठेव

तू तो रिपोर्ट सारखा काढून वाचतेस म्हणे. ‘झीज’, ‘गादी फुगलेली’ हे शब्द वाचलेस की त्या दिवशी पाठ जास्त धरते ना? मग हे ऐक. ज्यांना कंबरदुखीची काहीच तक्रार नव्हती अशा तीन हजारांहून अधिक माणसांचे स्कॅन एकत्र करून 2015 मध्ये एक मोठा आढावा घेतला गेला. वीस वर्षांच्या धडधाकट पोरांपैकी 37 टक्क्यांच्या मणक्यात झीज सापडली. ऐंशीच्या घरातल्यांमध्ये हेच प्रमाण 96 टक्के निघालं. वयाबरोबर केस पिकतात तशी मणक्यातली गादीही झिजते, आणि ती झिजली म्हणून दुखेलच असं नाही.

दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. एवढ्या काळात मूळ दुखापत बहुतेक वेळा भरून आलेली असते. पण मेंदू आणि मज्जारज्जू यांची धोक्याची सूचना देण्याची सवय सुटलेली नसते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं हे आहे. साधं वाकलं तरी मेंदू इशारा देतो, आणि तो इशारा आपल्याला खऱ्या कळेच्या रूपातच कळतो. रिपोर्ट डॉक्टरांना हवा तेव्हा काढ. रोज वाचायला ती काही पोथी नाही.

दुखणं वेगळं, त्याचा त्रागा वेगळा

बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिला होता, पाली ग्रंथांत तो नोंदलेला आहे. एक बाण लागतो, तो शरीराला. मग माणूस शोक करतो, कष्टी होतो, तोच दुसरा बाण, मनाला लागलेला. पहिला चुकवणं दर वेळी आपल्या हातात नसतं. दुसरा मात्र न लागू देण्याची सवय करता येते.

तुझ्याच काउंटरवर हे बघ. अकराच्या सुमाराला डाव्या कुशीखाली एक कळ निघते. दोन-तीन सेकंदांची. तेवढ्यात दात आवळले जातात, खांदे वर चढतात, श्वास अडतो. पाठोपाठ मनात सुरू होतं: आलं परत, आता दिवसभर हेच, संध्याकाळी बाळाला कोण घेणार, नोकरी झेपेल की नाही, मी अशीच राहणार. कळ कधीच ओसरलेली असते, पण आवळलेले स्नायू तसेच राहतात आणि ते स्वतःच दुखायला लागतात. ध्यानात आपण एवढंच शिकतो: कळ आली ती कळली, दात आवळले गेले तेही कळलं. कळलं की दात सैल सोडता येतात. कळ सोडता येत नाही, पण दात, खांदे आणि श्वास हे तिन्ही आपल्या हातात आहेत.

हा उपाय आला कुठून

आजकाल ज्याला माइंडफुलनेस म्हणतात तो विलायती फॅशनचा प्रकार आहे, असं तुझ्या नवऱ्याला वाटतं. त्याला हे सांग. 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर इथल्या वैद्यकीय शाळेत जॉन कबाट-झिन नावाच्या जीवशास्त्राच्या माणसाने एक वर्ग सुरू केला. औषधाने, ऑपरेशनने जे बरे होत नव्हते असे पेशंट डॉक्टर त्याच्याकडे पाठवत, आणि त्यात जुनी दुखणी असलेले पुष्कळ असत. पुढे रूढ झाला तो आठ आठवड्यांचा वर्ग, आठवड्यातून एकदा भेट, बाकी रोज घरी सराव. या वर्गातला पहिला धडा, अंगावरून लक्ष फिरवण्याचा, ब्रह्मदेशातल्या ऊ बा खिन यांच्या परंपरेतून आलेला आहे.

त्याच ऊ बा खिन यांचे शिष्य म्हणजे आपल्या इगतपुरीचे सत्यनारायण गोएंका. मंडालेत जन्मलेले व्यापारी, मायग्रेनने बेजार झालेले. 1955 मध्ये ते रंगूनला गुरूंकडे गेले तेव्हा गुरूंनी स्पष्ट सांगितलं, नुसती डोकेदुखी घालवायला येत असशील तर येऊ नकोस. मन निर्मळ करायला ये, डोकेदुखीचं जे व्हायचं ते होईल. 1969 मध्ये गोएंकाजी भारतात आले आणि पुढे इगतपुरीला त्यांचं ध्यानकेंद्र, धम्मगिरी, उभं राहिलं. गुरूंची ती अट तुलाही लागू आहे. ‘आज दुखणं किती कमी झालं’ हे बघायला बसशील तर सगळं लक्ष त्या मोजणीतच अडकेल.

बसायचा हट्ट नको

चित्रात दिसतं तसं मांडी घालून, ताठ बसून ध्यान करायला हवं असं कुणी सांगितलं? तू आडवी पड. जमिनीवर सतरंजी आणि वर घडी केलेली गोधडी घाल. पाठीवर पडून गुडघ्यांखाली दोन उशा ठेव, नाहीतर पोटऱ्या सरळ खुर्चीच्या बैठकीवर टाक. कंबरेवरचा ताण लगेच उतरलेला कळेल. पाठीवर पडवत नसेल तर कुशीवर हो आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी घे. तेही नको वाटलं तर खुर्चीत बस, पाऊल पूर्ण टेकेल अशी. मध्येच अंग हलवावंसं वाटलं तर खुशाल हलव, फक्त आधी ‘आता मी हलणार आहे’ हे जाणून घे आणि मग सावकाश हल.

वेळ तुझ्या घराप्रमाणे ठरव. कुकर लावायच्या आधीची सकाळ असो की बाळ झोपल्यानंतरची रात्र, पण रोज तीच. सुरुवात दहा मिनिटांनी कर, तिसऱ्या आठवड्यापासून वीस कर. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे. झोप लागत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेव, आणि लागलीच तर स्वतःवर चिडू नकोस. जुन्या दुखण्यात झोपही हवीच असते.

अंगठ्यापासून सुरुवात कर

पडल्यावर आधी श्वास बघ. तो मोठा करू नकोस, लांबवू नकोस. पोट वर येतं, खाली जातं, एवढंच. मग लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्यावर ने. तिथे काय आहे? गार, गरम, चादरीचा स्पर्श, मुंग्या, की काहीच नाही? काहीच नसेल तर ‘काहीच नाही’ हेही कळणं आहे. मग बोटं, तळवा, टाच, घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. मग उजवा पाय तसाच. मग ओटीपोट, कंबर, पाठ, पोट, छाती, दोन्ही हात, मान, जबडा, डोळे, कपाळ, टाळू.

मन भरकटणारच. पोटरीपाशी असताना उद्याचा डबा आठवेल, गुडघ्यापाशी साहेबांचं बोलणं आठवेल. भरकटलं हे कळलं, त्या क्षणी तुझं ध्यान चालूच आहे असं समज आणि जिथून सुटलं होतं तिथे परत ये. कितीही वेळा परत यावं लागलं तरी हरकत नाही, परत येणं हाच सगळा व्यायाम आहे.

वॉर्डातही मी पाय आधी सांगत असे, त्याला कारण आहे. जुन्या दुखण्याच्या माणसाला विचारलं की तो म्हणतो, माझं सगळं अंग दुखतं. अंगठ्यापासून एकेक जागा बघत वर आलं की त्याला कळतं, पाय दुखत नाहीत, हात दुखत नाहीत, चेहरा दुखत नाही. दुखणारी जागा हाताच्या पंजाएवढी निघते. बाकीचं एवढं मोठं शरीर शाबूत आहे, हे कळण्यानेच अर्धा धीर येतो.

दुखऱ्या जागेपाशी घाई करू नकोस

कंबरेपाशी आलीस की मन म्हणेल, चल पुढे. तिथेच जरा थांब. आधी दुखण्याच्या कडेला लक्ष ठेव, जिथे ते सुरू होतं तिथे. त्याची हद्द कुठवर आहे? ते ठणकतंय, ओढल्यासारखं होतंय, जळजळतंय, की नुसतं जड आहे? श्वास आत घेताना वाढतं का, सोडताना सैल होतं का? एकसारखं आहे की कमी-जास्त होतंय? ‘दुखतंय’ हा एकच शब्द सोडून दिलास आणि बारकाईने बघितलंस, तर एक जड गोळा वाटत होता त्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दिसतील, आणि त्यातली एकही स्थिर नसेल.

सहन होईल तेवढंच थांब. फारच झालं तर लक्ष सरळ तळहातांवर आण, नाहीतर बाहेरच्या आवाजांवर ने. ते पळून जाणं नव्हे, तीही शिकण्याचीच गोष्ट आहे. डोळे मिटले की जीव घाबरा होत असेल, जुन्या वाईट आठवणी उसळत असतील किंवा मन फार खचलेलं असेल, तर एकटीने रेटू नकोस. डोळे उघड, उठून बस, आणि मनोविकारांच्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलून मगच पुढे जा.

इगतपुरीची घाई नको

तुझ्या आईला वाटतं, तुला सरळ तिथल्या दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला धाडावं. शिबिर चांगलंच आहे. फी नसते, सगळं साधकांच्या दानावर चालतं, आणि शिस्त पक्की असते. पण पहाटे चारला उठून दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसायचं असतं, तेही मौनात. खुर्ची मागितली तर मिळते, तरी पाठ आधीच बिथरलेली असताना एवढी बैठक पहिल्याच पावलाला नको. शिबिरवालेही सांगतात की हा रोग बरा करण्याचा उपाय नाही, आणि तब्येतीची माहिती अर्जात खरी भरायला लावतात. घरी सवय होऊ दे, डॉक्टरांना विचार, मग जरूर जा.

कामात पेरून ठेव

वीस मिनिटं ध्यान आणि उरलेला दिवस अंग आवळून, असं केलंस तर फळ मिळायचं नाही. काउंटरवर दोन ग्राहकांच्या मधे एक पूर्ण श्वास घे आणि जबडा सैल आहे का बघ. बाळाला उचलण्याआधी क्षणभर थांब, पावलं जमिनीला टेकलेली जाणव, गुडघ्यात वाक, त्याला छातीशी धर आणि श्वास सोडत उठ. श्वास रोखून, डोळे घट्ट मिटून उचललंस तर मेंदूला तू पुन्हा तेच सांगतेस की यात धोका आहे.

रात्री कूस बदलताना जाग येते ना? तेव्हा घड्याळ बघू नकोस. ‘आता चारच तास उरले’ हा हिशेब झोप उडवतो. गुडघे दुमड, खांदा आणि कुल्ला एकदम वळव, आणि तळव्यांपासून वर लक्ष फिरवायला लाग.

चालणंही याच हिशेबात धर. टाच टेकते, पाऊल टेकतं, बोटं उचलतात, हे बघत दहा मिनिटं चाल. मात्र थांबायचं ते दुखायला लागलं म्हणून नव्हे, ठरवलेली वेळ झाली म्हणून. बरं वाटलं त्या दिवशी तासभर चालायचं आणि मग दोन दिवस अंथरुण धरायचं, असं करणारे मी वॉर्डात शेकड्याने पाहिले. बऱ्या दिवशीही दहाच मिनिटं आणि वाईट दिवशीही जमतील तेवढी. आठवड्याने दोन-दोन मिनिटं वाढव. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायामही असेच, वेळ ठरवून.

वाईट दिवस येणारच

महिनाभर बरं जाईल आणि एक दिवस कंबर पुन्हा धरेल. ‘सगळं पाण्यात गेलं’ असं त्या दिवशी वाटेल. तसं काही झालेलं नसतं. जुन्या पाठदुखीला भरती-ओहोटी असतेच. त्या दिवशी शेक घे, कामं निम्मी कर, पण अंथरुणाला खिळू नकोस. ध्यान पाचच मिनिटं कर आणि त्यातही फक्त श्वास बघ. आणि त्या दिवशी कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस, नोकरी सोडायचा तर नाहीच.

घरच्यांनाही एक गोष्ट सांगून ठेव. येता-जाता ‘आज कंबर कशी आहे?’ असं विचारू नका म्हणावं. मायेने विचारतात, पण दर वेळी उत्तर द्यायला तुला दुखणं शोधावं लागतं. त्यापेक्षा ‘चालायला येतेस का?’ असं विचारा म्हणावं.

अपेक्षा बेताची ठेव, सराव पक्का ठेव

हे सगळ्यांना लागू पडतं असं मी सांगणार नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात जुन्या कंबरदुखीच्या 342 जणांवर एक नीट अभ्यास झाला, 2016 मध्ये तो छापून आला. काहींना हाच आठ आठवड्यांचा ध्यानाचा वर्ग दिला, काहींना विचारांची सवय बदलणारी मानसोपचाराची पद्धत शिकवली, काहींचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. सहा महिन्यांनी बघितलं तर रोजच्या हालचालीत चांगला फरक पडलेले ध्यानवाल्यांत साधारण 60 टक्के होते, मानसोपचारवाल्यांत 58 आणि नेहमीच्या उपचारांत 44. दुखण्याचा जाच बऱ्यापैकी कमी झालेले ध्यानवाल्यांत 44 टक्के आणि नेहमीच्या उपचारांत 27. वर्षानंतरही ध्यानवाल्यांचा फायदा टिकला होता. वर्गातल्या योगासनांनी काहींचं दुखणं तात्पुरतं वाढलंही, म्हणून आसनं करशील ती बेताने कर.

या आकड्यांकडे नीट बघ. दुखण्यात जेवढ्यांना फरक पडला त्याहून जास्त जणांना हालचालीत पडला. म्हणजे दुखणं थोडंफार राहूनही माणसं पुन्हा कामाला लागली. 2017 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने डॉक्टरांना सांगितलं की जुन्या कंबरदुखीत आधी औषधाविना उपाय करा, आणि त्या यादीत व्यायाम, योग, ताई ची यांच्याबरोबर हे ध्यानही आहे. तेव्हा तुझ्या डॉक्टरांनी तुला वाटेला लावलं असं समजू नकोस. त्यांनी तुला पहिल्या पंगतीतला उपाय दिला आहे.

एक साधी वही कर. त्यात आज किती दुखलं ते लिहू नकोस. काय केलं ते लिही: वीस मिनिटं पडून ध्यान, बारा मिनिटं चालणं, बाळाला अंघोळ घातली, बसने उभ्याने आले. असे आठ आठवडे भर. मध्ये दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी पुन्हा अंगठ्यापासून सुरू कर, मागचं भरून काढायला जाऊ नकोस. आठ आठवड्यांनी मला फोन कर आणि ती वही वाचून दाखव. पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवलं की पुढे काय करायचं ते तुझं तुलाच कळेल.

तुझी मावशी